बेचाळिसावी जागा

१ नोव्हेंबर १९९४, मंगळवार

सकाळपासून कबरस्तानात होते. आईबाबांच्या कबरीला चुना या वेळी स्वतःच लावला. गेल्या वर्षी माणसाकडून लावून घेतला, तर निम्मा चुना गवतालाच लागला होता. मग मेणबत्त्या, फुलं, चिकट भाताच्या वड्या, सगळं यथासांग झालं. शेजारच्या कबरीवरची मंडळी रेडिओ लावून पत्ते कुटत होती. मेलेल्यांचा दिवस आहे की जत्रा, हेच हल्ली कळेनासं झालंय.

एक मेणबत्ती मात्र परत आणली. बाबांनी मरताना माझ्याकडून वचन घेतलं होतं की दर वर्षी एक मेणबत्ती कुंपणाबाहेर, चिंचेखाली लावायची. चिंचेखाली कोण पुरलंय ते आमच्या तालिबायमधल्या शेंबड्या पोरालाही माहीत आहे. क्रिस्पुलो पुन्सालान, म्हणजे पुलो. लढाईच्या शेवटच्या वर्षी डोक्यावर बायोंग उपडी घालून, त्या ताडाच्या पात्यांनी विणलेल्या बाजाराच्या पिशवीला पाडलेल्या दोन भोकांतून बघत, ज्याने आमच्या गावचे एक्केचाळीस पुरुष जपान्यांना बोटाने दाखवून दिले, तोच हा. बाबांचं मन इतकं मोठं, की त्यांनी असल्या सैतानालाही क्षमा केली. तेवीस वर्षं मी निमूटपणे वचन पाळलं. यंदा नाही पाळलं. मेयरनी मला स्मारक समितीची चिटणीस नेमलंय. चिटणीसबाई गद्दाराच्या मातीवर मेणबत्ती लावताना कुणाला दिसली, तर गावात तोंड दाखवायला जागा राहणार नाही. बाबा समजून घेतील.

पुलोची बहीण सिद्रा चिंचेखाली बसलेलीच होती. एकोणसत्तर वर्षांची झाली तरी पाठ ताठ. माझ्या रिकाम्या हातांकडे बघत राहिली. मी शेजारच्या पत्तेवाल्यांना आवाज कमी करायला सांगायला गेले.

७ नोव्हेंबर, सोमवार

समितीची पहिली बैठक. येत्या ९ फेब्रुवारीला त्या दिवसाला पन्नास वर्षं होतात. चर्चच्या दारासमोर काळ्या दगडाची भिंत उभी राहणार आणि तिच्यावर एक्केचाळीस नावं कोरली जाणार. नावांची यादी आणि शाळेसाठी छोटं पुस्तक, दोन्ही माझ्याकडे. चौतीस वर्षं इतिहास शिकवला त्याचं चीज झालं म्हणायचं.

दगडाचं काम नेस्टोरकडे दिलंय. हा माझाच विद्यार्थी, डावखुरा. दुसरीत असताना त्याचा डावा हात मी रुमालाने बाकाला बांधून ठेवत असे. रडायचा, पण महिनाभरात उजव्या हाताने अक्षर गिरवायला लागला. आज बघते तर हातोडा पुन्हा डाव्या हातात. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही. बाबांनी माझा हात असाच सरळ केला होता. जेवताना, लिहिताना डावा हात मांडीखाली घेऊन बसायचं. माझं त्यात काही बिघडलं नाही. डाव्या हाताने घास घेणाऱ्या मुलाला बाबा ताटावरून उठवत. त्यांना तो हात बघवतच नसे.

नेस्टोरने आराखडा मांडला. चौदा-चौदा नावांचे तीन रकाने, म्हणजे बेचाळीस जागा. एक जास्तीची उरते. मेयर म्हणाले, तिथे चांदणी कोरा.

नेमकी तेव्हाच सिद्रा आत आली. कुणी बोलावलं नव्हतं. दारातच उभी राहून म्हणाली, "एक जागा उरलीय असं ऐकलं. तिथे माझ्या भावाचं नाव घाला."

मेयर हसले. बाकीच्यांनी एकमेकांकडे पाहिलं. मी तिला समजावून सांगितलं, की ही भिंत जपान्यांनी मारलेल्यांची आहे. तुमच्या भावाला कुणी मारलं ते तुम्हाला ठाऊक आहे.

"ठाऊक आहे ना. तुम्हा सगळ्यांच्या बापांनी मारलं. आपल्याच माणसांनी मारला म्हणून तो कमी मेला का?"

मेयरनी घड्याळाकडे बघून सांगितलं, की अर्ज लेखी द्या, निर्णय चिटणीसबाई घेतील. म्हणजे विंचू माझ्या पदरात टाकून ते मोकळे झाले. असो. निर्णय घ्यायला मला तीन महिने लागणार नाहीत. तीन मिनिटं पुरतील.

१५ नोव्हेंबर, मंगळवार

पुस्तकाचा पहिला मजकूर आज लिहून काढला. दुसरीच्या मुलालाही कळलं पाहिजे, म्हणून साधंच लिहिलंय.

आम्ही बोट दाखवणारी माणसं नव्हे. कुणी वाट विचारली तर ओठ पुढे काढून दिशा दाखवतो. बोट रोखणं म्हणजे उद्धटपणा, ते फक्त जनावरावर रोखावं. पण बायोंगच्या आत ओठांचा काय उपयोग? १९४५च्या ९ फेब्रुवारीला गावचे सगळे पुरुष चर्चमध्ये, हात डोक्यावर ठेवून बसवले होते. बायोंगवाला रांगांमधून फिरला आणि त्याने बोटानेच एकेक जण दाखवला. दाखवलेल्यांना मागच्या ओढ्याकडे नेलं. म्हणून आजही आमच्याकडे भांडणात कुणी बोट उगारलं, की समोरचा विचारतो, "बायोंग घरी विसरलास का?"

एवढं पुस्तकात. पुढचं फक्त इथे, कारण ते आमच्या घरचं आहे.

मी तेव्हा नऊ वर्षांची. बाबा बदकांच्या अंड्यांचा व्यापार करायचे. त्या दिवशी ते सरोवरावरच्या बदकांच्या खोपटात लपले होते, म्हणून वाचले. आईने मला केळीच्या पानात भात बांधून तिकडे पाठवलं आणि बजावलं, कुणी विचारलं तर सांग बाबा तिथेच आहेत, तू पाहिलंस. मी गेले तेव्हा खोपटात बाबा नव्हते. आत वेताच्या गवतात सरकले असणार. भात फळीवर ठेवून आले, तो बदकांनी खाल्ला. संध्याकाळी ते घरी आले तेव्हा गळ्याभोवती सगळे लाल ओरखडे. गवताने बिचाऱ्यांचा गळा सोलवटून काढला होता. आई दोन दिवस खोबरेल लावत होती.

दुसऱ्याच दिवशी माझा थोरला भाऊ, कुया अँब्रो, जपान्यांच्या छावणीतून सुटून आला. महिनाभर डांबला होता. डोंगरात लपून लढणाऱ्या आपल्या माणसांचे निरोप पोचवायचा, त्याचं डोकं उडणार हे नक्की होतं. आईची नऊ दिवसांची प्रार्थना फळाला आली. ज्या गावात एक्केचाळीस घरांत रडारड होती, त्या गावात देवाने एका घरात मुलगा परत पाठवला.

दहा दिवसांनी आपली माणसं डोंगरातून उतरली. चर्चच्या मागच्या खोलीत भोकं पाडलेली बायोंग सापडली. ती कुणाची, हे कुणालाच सांगता येईना. तेव्हा बाबांनी ती हातात घेतली, उलटसुलट केली आणि म्हणाले, ही वीण पुन्सालानांची. अर्ध्या तासात पुलोला बाजारात ओढून आणलं. पुढचं मला बघू दिलं नाही.

गावाला न्याय मिळवून दिला तो बाबांनी. पण फुशारकी कधी मारली नाही. त्या दिवसाचा विषय निघाला की उठून जायचे.

२ डिसेंबर, शुक्रवार

मेयरनी दगडावरचा मजकूर बदलायला लावला. मी लिहिलं होतं, "जपानी सैनिकांनी ठार केलेल्या वीरांच्या स्मरणार्थ." आता तिथे "युद्धाच्या क्रौर्याला बळी पडलेल्या" असं येणार. कारण काय, तर सरोवराकाठी जपान्यांचा कारखाना येतोय, सहाशे माणसांना काम मिळणार आहे आणि भिंतीचं सिमेंट त्यांनीच दिलंय. समारंभाला त्यांचे चार पाहुणे पहिल्या रांगेत बसणार.

मी म्हटलं, मग मारलं कोणी? युद्धाला काय हात असतात?

मेयर म्हणाले, "बाई, ज्याने दाखवलं तो आपल्याकडे आहे ना? पुस्तकात त्याच्यावर एक अख्खं प्रकरण लिहा. लोकांना राग काढायला कुणीतरी लागतं. पाहुण्यांवर कशाला काढायचा?"

पटलं नाही. पण पुलोचं प्रकरण मी लिहिणारच होते, तेव्हा त्यांच्या सांगण्याने माझं काही अडलं नाही. तीन पानांचं ठरवलं होतं, सात झाली.

११ डिसेंबर, रविवार

मिस्सेनंतर मांग तासियोंकडे, म्हणजे आमच्या बोलीत तासियोकाकांकडे, गेले. चर्चमधून त्या दिवशी जिवंत बाहेर पडलेल्यांपैकी धड बोलू शकणारे आता ते एकटेच. ब्याऐंशी वर्षांचे आहेत, दृष्टी अधू, पण आठवण खणखणीत. मला वाटलं होतं तासाभरात काम होईल. कशाचं काय.

ते म्हणाले, बायोंग लांबलचक होती, छातीपर्यंत आलेली. उपडी घातल्यामुळे तिचे बंद खांद्यांवरून लोंबत होते. दुहेरी बंद, मुलींच्या वेण्यांसारखे. चालला की गळ्यावर घासायचे. मग म्हणाले, "बाई, त्याने डाव्या हाताने दाखवलं."

मी म्हटलं, तुम्ही समोर बसला होतात, समोरच्याचा डावा-उजवा माणूस चुकतो.

"हात संत योसेफाच्या वेदीकडचा होता. वेदी काही जागची हलली नाही. आणि बोट हे, पहिलं. अख्खं."

"मग?"

"पुलोला त्या हाताला पहिलं बोट होतं कुठे? पिशवीसाठी पाती चिरताना कोयत्याने गेलं होतं, तो पंधराचा असताना. सगळ्या गावाला माहीत होतं."

मी विचारलं, तर मग पन्नास वर्षं गप्प का बसलात? ते म्हणाले, त्या दिवशी बाजारात सांगायला तोंड उघडलं होतं. कुणीतरी म्हणालं, हा पुलोची बाजू घेतोय, यालाही धरा. मग मिटलं ते मिटलंच. म्हणाले, "जिवंत राहायची सवय वाईट असते, बाई."

हे पुस्तकात घालणार नाही. अंधार, भीती, पन्नास वर्षांचा काळ. माणसाला काय वाट्टेल ते आठवतं. शिवाय चोरटा माणूस मुद्दाम उलटा हात वापरणारच. घरी येऊन त्यांच्या नावापुढे "स्मरणशक्ती क्षीण" अशी नोंद केली.

येताना उगाच आठवलं. बाबा उजव्या हाताने सही करायला लढाईनंतर शिकले. तेव्हा चाळिशीचे होते. मी त्यांच्याच पाटीवर शेजारी बसून गिरवायची. माझं अक्षर त्यांच्या आधी सुधारलं. असल्या आठवणींचा इथे काय संबंध, कोण जाणे.

२६ डिसेंबर, सोमवार

नाताळ पार पडला. मुलं नेहमीप्रमाणे दारोदार गाणी म्हणत फिरली आणि पुन्सालानांचं दार नेहमीप्रमाणे ओलांडून पुढे गेली. यातल्या एकाही पोराचा आजोबासुद्धा तेव्हा धड वयात आला नव्हता. एकाला विचारलं, तिथे का नाही गेलास रे? म्हणाला, "ते बायोंगवाले आहेत ना." पुलो कोण, हे त्याला माहीत नव्हतं. याला म्हणतात संस्कार. शिकवावा लागत नाही.

सिद्रा दारात पपनस सोलून ताटात मांडून बसली होती. दर वर्षी बसते. कुणासाठी, ते तीच जाणे.

९ जानेवारी १९९५, सोमवार

आज हद्द झाली. दुपारी सिद्रा घरी आली. मला "बाई" म्हणत नाही, "फेली" म्हणते. फेलिसितास माकालिंदोंगला फेली म्हणणारं आता या गावात दुसरं कुणी उरलं नाही. हातात नवी कोरी बायोंग. टेबलावर ठेवली.

"ओळखतेस का, कुणाच्या मापाची आहे?"

पिशवीला माप असतं हे मला आजच कळलं, असं मी म्हटलं.

"आमच्याकडे असायचं. ज्याचा जसा माल तशी पिशवी. मासळीवालीला सैल विणीची, तांदूळवाल्याला घट्ट. ही बदकाच्या अंड्यांची. लांब, तळ दुहेरी, बंदही दुहेरी. अशी मी एकाच घरासाठी विणायची."

सरोवराकाठी अंडीवाले ढीगभर आहेत, मी म्हटलं.

"आता आहेत. तेव्हा एकच होतं."

मी उठून खिडकी लावली. वारा नव्हता, पण लावली. ती बसूनच राहिली. तिच्या आवाजात राग असता तर मी तिला घालवून दिलं असतं. तो नव्हता, म्हणून जास्तच संताप आला.

"मी दुसरं नाव पुस्तकात घाल म्हणत नाही, फेली. पन्नास वर्षं म्हटलं नाही. तुझा बाप दर पावसाळ्यात आमच्या दारात तांदळाचं पोतं ठेवून जायचा. काही बोलायचा नाही. माझ्या आईने ते आत घेतलं. घरात माणूस उरला नव्हता आणि आम्हाला भूक होती. खाल्लं आणि गप्प बसलो. त्या भाताची चव मला अजून तोंडात येते. आता माझी आई नाही, तोही नाही. मला फक्त भावाचं नाव पाहिजे."

पोत्यांचं मला माहीत नव्हतं. बाबांचं मनच तसं होतं. आणि त्या दातृत्वाची ही फेड! ज्याचं खाल्लं त्याच्याच घरात येऊन कोड्यात बोलायचं. मी सांगितलं, की समिती लाच घेत नाही, पिशवी परत न्या. ती म्हणाली, लाच नाही, तुमच्याच घरची आहे. आणि गेली.

दुसरं नाव कुठलं, हे मी विचारलं नाही. म्हाताऱ्या माणसांच्या बरळण्याला उत्तर द्यायचं नसतं. पिशवी स्वयंपाकघरात दारामागे टांगली. मग तिथून काढून कपाटावर ठेवली. कपाटावरूनही दिसते.

२० जानेवारी, शुक्रवार

कुया अँब्रोचं अमेरिकेहून उत्तर आलं. मी त्याला लिहिलं होतं, तुझ्या सुटकेची हकीकत पाठव, पुस्तकात एक पान देते. चार ओळींचं पत्र. माझ्याबद्दल एक अक्षरही छापू नकोस. पुलोचं नाव भिंतीवर घाल आणि पुस्तक बंद कर. आईची शपथ, आणखी उकरू नकोस. मला त्या छावणीतून कशाच्या बदल्यात सोडलं हे मी बाबांना कधी विचारलं नाही, तूही मला विचारू नकोस.

तिकडच्या थंडीत माणसाचं डोकं गोठतं. देवाने सोडवलं, त्यात मोबदला कसला? पत्र दोनदा वाचलं आणि बायोंगमध्ये टाकलं. दुसरी जागा सुचली नाही.

तीन दिवस खोकला आहे. जेवण जात नाही.

२८ जानेवारी, शनिवार

सिद्राच्या अर्जावर निर्णय लिहिला. "उपलब्ध पुराव्यानुसार क्रिस्पुलो पुन्सालान याचे नाव समाविष्ट करता येत नाही." एवढं एक वाक्य लिहायला सकाळ गेली. चार कागद फाडले, कारण अक्षर वाकडं येत होतं.

नेस्टोर निर्णय न्यायला आला होता. वाचून म्हणाला, "मग चांदणीच कोरू?" मी हो म्हटलं. निघताना त्याने विचारलं, बाई, तुम्ही लिहिताना एका बाजूला कलून का बसता? पाहिलं तर डावा हात मांडीखाली. साठीला आलेली बाई! मी त्याला त्याच्या कामाशी काम ठेवायला सांगितलं.

कर नाही त्याला डर कशाला, असं मी वर्गात हजारदा सांगितलंय. मला कसलीही भीती वाटत नाही. झोप येत नाही ती खोकल्यामुळे.

९ फेब्रुवारी, गुरुवार

जसं झालं तसं लिहिते.

चर्चसमोर मांडव. पहिल्या रांगेत जपानी पाहुणे, त्यांच्या शेजारी मेयर, मग मांग तासियो, मग मी. माझा खोकला थांबत नव्हता, म्हणून नाका-तोंडावर पांढरा रुमाल बांधला होता. डोक्यावर काळी ओढणी. उजव्या हातात नावांची यादी, कारण ती मलाच वाचायची होती. मागे विधवा आणि मुली, सगळ्या काळ्या ओढण्यांत. पाहुणे भिंतीसमोर वाकले, बराच वेळ वाकून राहिले. त्यातला एक म्हातारा रडत होता. त्याला लगेच खुर्ची दिली, पाणी दिलं.

पोलीस माझ्या मागे येऊन वाकला. मेयरना कळलं होतं, की पुन्सालानची म्हातारी कोळसा घेऊन आली आहे आणि पाहुण्यांदेखत भिंतीवर काहीतरी लिहिणार आहे. तिला आधीच बाजूला घ्यायचं होतं. पोलीस दुसऱ्या गावचा. "बाई," तो कानाशी म्हणाला, "सगळ्या काळ्याच ओढण्या. त्यातली कुठली?"

मी वळून पाहिलं. चौथ्या रांगेत होती. मी ओठ पुढे काढले, पण रुमालामागे कुणाला काय दिसणार? त्याला कळेना. उजव्या हातात यादी होती.

मी हात वर केला आणि बोट दाखवलं.

पोलीस रांगेत शिरला आणि त्याने सिद्राचा दंड धरला. ती झटापट न करता उभी राहिली. पोलिसाकडे तिने पाहिलंच नाही. माझ्या हाताकडे पाहत होती. मग माझ्या शेजारी काहीतरी हललं. मांग तासियोंनी माझ्याकडे तोंड केलं होतं. त्या अधू डोळ्यांना किती दिसलं मला माहीत नाही. झाकलेला चेहरा आणि वर दोन डोळे एवढं दिसलं असेल, आणि बोट. त्यांनी दोन्ही हात हळूहळू उचलले आणि आपल्या डोक्यावर ठेवले. बोटं एकमेकांत गुंतवून. चर्चमध्ये बसवलं होतं तसे. तसेच बसून राहिले, आणि त्यांची पाटलोण ओली झाली.

सिद्राने तिथूनच विचारलं, "असंच होतं का, तासियो?"

त्यांनी मान हलवली. हो.

मी हात खाली घेतला. तो कुठला हात होता ते तेव्हा माझ्या लक्षात आलं.

यादी मेयरनी वाचली. माझ्याकडून वाचली गेली नसती.

१० फेब्रुवारी

कुणी आलं नाही. मीही गेले नाही. बाबांबद्दल मी इथे काहीही लिहिणार नाही. ते खोपटात नव्हते, एवढंच मला माहीत आहे. ते मला नवव्या वर्षापासून माहीत आहे.

मला भीती वाटते.

१६ फेब्रुवारी, गुरुवार

सकाळी नेस्टोर आला. दारातच उभा राहिला. चांदणी त्याने कोरलीच नाही म्हणे. दगड तिथे कच्चा होता. आमच्या भागातला तो काळा दगड कच्चा नसतो, हे त्यालाही ठाऊक आहे आणि मलाही.

त्या रिकाम्या जागेवर सिद्रा रोज पहाटे येऊन कोळशाने नाव लिहिते. क्रिस्पुलो पुन्सालान. मेयरचा माणूस ओल्या फडक्याने पुसतो, दुसऱ्या दिवशी ती पुन्हा लिहिते. आज मेयरनी सांगितलंय की पुसायचं काम नेस्टोरचं, भिंत त्याची आहे, आणि लेखी आदेश चिटणीसबाईंकडून घ्यायचा.

"पुसू का, बाई?" त्याने विचारलं.

मी कागद पुढे ओढला. पेन उजव्या हातात धरलं आणि बराच वेळ तसंच धरून बसले. तो घाई करत नव्हता. दुसरीत असतानाही तो असाच उभा राहायचा, बाई हात सोडतील या आशेने.

"राहू दे," मी म्हटलं. "पाऊस आला की जाईल आपोआप."

नेस्टोरने बाहेर आभाळाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. आमच्याकडे पाऊस जूनमध्ये येतो.

"बरं, बाई," तो म्हणाला आणि गेला.